अवसेचे कंद

कुंभारवाड्याच्या थांब्यावर माणसं तीन होती, पोती दोन, प्रत्येक पोत्यात कंद दहा आणि टांगायचा काटा एक. अक्षयचं बसकडे लक्षच राहिलं नाही.

“फुलाक्का, माती एक, शेण एक, फरक फक्त तिथीचा. तुझे अवसेला लावलेले कंद भारी भरले, तर पुढच्या साली मीबी अवसेलाच लावीन.”

“आनि तुझे पंचमीचे भरले तर, सुनयना?”

“तू अवस सोडायची.”

“देवाचं ठरल्यालं बदलत न्हाई, बाय.”

“तुझी सासू तर पुनवेला लावायची.”

“तिला देवाचं नीट कळलं न्हवतं.”

“मग वजन कशाला करतीस?”

“तू बदलतीस का, ते बघायला.”

अक्षयनेच काटा वाशाला टांगला. पंचमीचं पोतं चोवीस किलो भरलं, अवसेचं सव्वीस.