दादूची ठणठणीत डुकरं

तुम्हाला थाप वाटेल, पण आमच्या घणसोलीच्या दादूची डुकरं गुळवेल-अश्वगंधेची पावडर खाऊन अशी माजली, की शेडचं दार दोनदा रुंद करावं लागलं. तेवढ्यात शेजारच्या शेडमध्ये डुकरांचा ताप शिरला. सरकारी डॉक्टर सुया घेऊन थेट दादूच्या दारात.

"साहेब, माझ्या एकाला साधी शिंक नाय," दादूने हात जोडले.

"दिसतंय. पण आसपासची सगळी मारायचा नियम आहे."

दुपारपर्यंत शेड रिकामी झाली. सही घेताना डॉक्टरांनी हळूच विचारलं, "इतकी निरोगी डुकरं पाहिली नव्हती. खायला काय घालायचात?"

दादूने पावडरीचं उरलेलं पोतं त्यांच्यापुढे ठेवलं.

"आता तुमीच खा, साहेब. शेजाऱ्याला ताप आला म्हनून मानसाला कोनी मारत नाय."