हयातीतली वाटणी

...नाही, वाटून घ्यायला माझी ना नाही हो! पण माणूस आधी थंड तरी होऊ द्या! नाकात नळी, हाताला सलाईन, अंग चांगलं कोमट, आणि इकडे माझं कपाट वाटून मंडळी मोकळी? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात हे ऐकून होतो, पण इथे मढं श्वास घेत होतं, मधून मधून घोरतसुद्धा होतं! तुम्हाला सांगतो, मी जिवंत होतो हो!

आता कपाट कसलं म्हणाल, तर तीन कप्प्यांचं, काचेच्या दाराचं. वरच्या कप्प्यात घड्याळं, मधल्यात खिशात ठेवायचे घडीचे चाकू, खालच्यात व्हिस्की. लोक विचारतात, "यांचा एकमेकांशी संबंध काय?" अहो, संबंध कशाला लागतो? आमच्या घरात माणसं राहतात, त्यांचा तरी आहे का एकमेकांशी? छंद आहे, छंद! घड्याळं सगळी चावीची. सकाळी चहा झाला की एकेकाला हातात घ्यायचं, चिमटीत चावी धरून हळूच फिरवायची... कर्रर्र, कर्रर्र... आणि कानाशी न्यायचं. प्रत्येकाची टिकटिक निराळी! एकाची लगबगीची, जणू पोरगी जिना उतरतेय, तर एकाची दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखी. वेळ? वेळ एकाचीही बरोबर नाही. वेळ बघायला भिंतीवर आहे ना एक! चाकूंचं तेच. शिंगाच्या मुठीचा एक होता, उघडला की असा 'टक्' वाजायचा की जीव गार व्हायचा. त्यानं कापलं काय? काहीही नाही! साधा कागद नाही! आणि व्हिस्की... ही प्यायची वस्तू आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला बोलायचंच नाही. बाटली उजेडात धरायची, तो मधासारखा रंग बघायचा, परत जागेवर. रविवारी एका उघड्या बाटलीचं बूच काढून नुसता वास घ्यायचा. बायको म्हणायची, "पीत तरी जा हो! नवरा पितो हे सांगता येतं. नवरा बाटल्या हुंगतो, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

तर अशाच एका सकाळी चावी देता देता मीच बंद पडलो! घड्याळ चालू, मी बंद. छातीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार. उचलून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि हिला म्हणाले, "जवळच्या माणसांना बोलावून घ्या." बस्स, एवढंच. आता जवळच्यांना बोलवायचं म्हणजे माझ्याजवळ ना? हे जवळचे थेट कपाटाजवळ!

जवळचे कोण, तर माझा थोरला भाऊ, माझे साडू आणि जावई. मी जरासा शुद्धीवर येतोय, डोळे काही उघडत नाहीत, आणि खाटेच्या दोन्ही अंगांना कुजबुज चाललीय. साडू म्हणतात, "चाकू मला चालतील." चालतील! जसा काही मी आग्रहच करत होतो! दादा म्हणतो, "बाटल्यांचं मी बघतो, ही जबाबदारी धाकट्यांवर नको." आणि जावई, आवाज नीट ओला करून, "बाबांची आठवण म्हणून मला आपली घड्याळं..." मी सगळा जोर लावला. 'नको' म्हणायचं होतं हो! पण नळीमुळे नुसतं "न..." एवढंच बाहेर पडलं. साडू टाळी वाजवून म्हणाले, "बघा, 'न्या' म्हणतायत!" आणि मी जिवंत होतो हो!

डॉक्टरांचा अंदाज चुकला, मी वाचलो. ही बातमी ऐकल्यावर त्या तिघांचे चेहरे बघायला हवे होतेत तुम्ही. दादानं तर विचारलंच, "डॉक्टर, नक्की ना?" मग लगेच सावरून, "नाही, नंतर धक्का बसायला नको म्हणून विचारलं."

घरी आलो. कपाटाकडे बघतो तर तिन्ही कप्प्यांत उशांचे अभ्रे! घडी घालून! ही म्हणते, "रिकामं चांगलं दिसेना."

पुढच्या आठवड्यात तिघं भेटायला आले. म्हटलं, खानदानी माणसं आहेत, आपलं आपण परत आणलं असेल. हात हलवत आले! शेवटी मीच लाज सोडली. "जावईबापू, माझी घड्याळं?" त्यांनी हसत मनगट पुढं केलं. "हे काय बाबा, वापरतोय की! पण रोज चावी द्यायला वेळ कुणाला आहे? आतली मशिनं काढून बॅटरीची बसवून घेतली. सगळ्यांत!" सगळ्यांत! म्हटलं, "आणि जुनी मशिनं?" "ती दुकानदार घेऊन गेला. अगदी फुकट नेतो म्हणाला!" काय तो अभिमान! मी त्यांचं मनगट कानाशी ओढलं. सामसूम. एखाद्याच्या छातीला कान लावावा आणि आत कुणीच नसावं ना, तसं...

साडू म्हणाले, "तुमचा तो शिंगाचा चाकू म्हणजे रंगाचे डबे उघडायला एक नंबर! टोक मोडलं, पातंही गेलं. मूठ तेवढी शाबूत आहे. हवी का?" आणि दादा! दादाच्या डोळ्यांत पाणी. "तुझ्या काळजीनं प्यायलो रे! घोट घशाखाली उतरत नव्हता. संत्र्याच्या रसात घालून कसाबसा उतरवला." संत्र्याच्या रसात! म्हटलं, "दादा, सगळ्या?" "अरे, लेबलावरची सालं बघितली. म्हटलं, जुना माल, मुदत टळून जायची." अहो, मुदत माझी संपत आली होती, व्हिस्कीची नव्हे! आणि माझीसुद्धा नव्हतीच, मी जिवंत होतो हो!

मंडळी गेल्यावर हिला विचारलं, "तू का दिलंस गं?" म्हणाली, "डॉक्टर तसं बोलले, आणि मी तुमचे कपडे घ्यायला घरी आले. घरात कुणी नाही. आणि ती तुमची घड्याळं चालू होती, तुमच्या हातच्या चावीवर. वाटलं, आता एकेक करून थांबणार. शेवटचं थांबेल तेव्हा ऐकायला मी एकटीच असेन. नाही धीर झाला हो. म्हटलं, कुणीतरी घेऊन जा एकदाची."

खोटं कशाला सांगू, इतकी वर्षं वाटायचं, हिला ती टिकटिक ऐकूच येत नाही. तिचा हात हातात घेतला. थोड्या वेळानं म्हटलं, "पण चाकू? बाटल्या? त्या कुठे टिकटिक करत होत्या?"

हात सोडवून घेत म्हणाली, "मग अभ्रे कुठे ठेवायचे होते?"

आता घरात नेण्यासारखं काही उरलंच नाही, म्हणून मी निर्धास्त. तर काल साडू पुन्हा हजर! चहा झाला, माझ्या तब्येतीची चौकशी झाली, नको इतकी खोलवर झाली, निघाले. दाराशी बराच वेळ खुडबुड ऐकू येतेय. जाऊन बघतो तर माझे बूट घालून उभे! पुढं दोन पावलं, मागं दोन पावलं. म्हटलं, "साडूभाऊ, हे काय?" म्हणाले, "काही नाही हो, सहज माप बघत होतो."

रक्त असं उसळलं की सांगता सोय नाही! पण डॉक्टरांनी चिडायला मनाई केलीय. आणि खरं सांगू, चिडून तरी कुणाचा फायदा? त्यांचाच! शांतपणे विचारलं, "होतात का?"

"होतात, पण अंगठ्याशी जरा चावतात."

म्हटलं, "मग थोडं थांबा. अजून काही दिवस वापरतो, सैल करून देतो!"