चौकटीतली कमांड

आपलीच सवय आपल्या अंगाशी कशी येती ते सांगतो. केडगावात माझं डीटीपीचं दुकान व्हतं. कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी नोट्स छापायला दिल्या. बजावून गेले, "चौकटीत असेल तेवढंच विद्यार्थी टाइप करणार. वाक्यात मध्येच आलेली कमांड नुसती वेगळ्या फॉन्टात ठेवा, तिला चौकट नको."

पण लग्नपत्रिकेत मुहूर्ताला चौकट टाकून टाकून माझा हात बसलेला. वाक्यातल्या कमांडी बी मी उचलून चौकटीत बसवल्या. त्यातल्या एका कमांडीचं वाक्य व्हतं, 'ही कमांड कधीही देऊ नका, सगळ्या फायली जातील.'

नोट्स वाटल्या त्याच दिवशी सर धापा टाकत दुकानात आले. "क्लासला राहू गावाहून येणाऱ्या ताईंनी चौकट बघून नेमकी तीच कमांड दिली!"

मी घाईनं विचारलं, "गेल्या का फायली?"

"वाचल्या हो! मशीननं विचारलं, खात्री आहे का? ताईंनी 'नाही' दाबलं."

माझ्या जिवात जीव आला. ताई सरांच्या मागंच उभ्या व्हत्या. म्हणाल्या, "परवाच तर क्लासला आले, दादा. मला एवढ्यात कशाची आलीय खात्री!"