टोमॅटोची खुर्ची

...आणि वर मलाच विचारतात, "बाबा, हल्ली सकाळी उन्हात बसत नाही तुम्ही?" आता बसू कुठे? माझ्या खुर्चीत टोमॅटो बसलाय! हसू नका. तुम्हाला सांगतो, आपल्या खुर्चीत दुसरा माणूस बसला तर खाकरता येतं, घसा साफ करता येतो, नुसतं समोर जाऊन उभं राहिलं तरी भला माणूस असेल तर उठतो... टोमॅटो उठत नाही. त्याच्यापुढे किती खाकरणार?

आणि खुर्ची म्हणजे साधीसुधी नव्हे हो. जन्मभर मी वेताच्या खुर्च्या विणल्या. लोकांच्या. सायबांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या... ते सगळे वर बसणारे आणि मी आपला खाली फरशीवर बसून विणणारा. काम थांबवलं तेव्हा शेवटची एक खुर्ची स्वतःसाठी विणली. बैठक अशी ताठ, की माणूस बसला तरी सूतभर खाली जाणार नाही. ती नेऊन ठेवली मागच्या फरशीच्या अंगणात, त्या कोपऱ्यात, जिथे सकाळचं ऊन सगळ्यात आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं. गुडघे धरलेत ना माझे! त्या उन्हात घटकाभर बसलं की सुटतात. बस, एवढाच संसार उरला होता माझा. खुर्ची, ऊन आणि गुडघे.

तर मुलाला फोनमध्ये एक दाढीवाला भेटला.

तो दाढीवाला कुंडीमागे उभा राहून नुसता हसत असतो. कशाला हसतो, त्यालाच ठाऊक. "मित्रांनो! बागकामातलं काही कळत नाही? काळजी करू नका! फक्त एक कोपरा हवा, आणि थोडंसं ऊन!" मुलानं फोनमधून मान वर केली, अंगणात बघितलं... कोपरा दिसला, थोडंसं ऊन दिसलं. त्या उन्हात बाप बसलाय, तेवढं मात्र दिसलं नाही. "बाबा, जरा पलीकडे बसाल का? इथे बाग होणार आहे."

मी म्हटलं, बरं.

आतून ही ओरडली, ही म्हणजे आमची, "अहो, बरं काय? लगेच उठता काय?" आता मुलगा हौसेनं काही करतोय तर बापानं आडवं पडायचं का? आणि त्याची हौस मला माहीत आहे. मागे व्यायामाची सायकल आणली होती, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. मी मनात म्हटलं, हेही वाळेल. थोडं थांबू.

मग कुंड्या आल्या! सूनबाईनं निवडल्या. काय त्या देखण्या, पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, हात लावायला भीती वाटावी. नर्सरीवाला बिचारा म्हणाला, "ताई, यांना खाली भोक नाहीये हं." सूनबाई म्हणाली, "म्हणूनच तर घेतेय! फरशीला डाग पडायला नकोत." आता यावर तो काय बोलणार, त्याला कुंड्या विकायच्या होत्या की वाद घालायचा होता? उलट खूश होऊन त्यानं एक मातीची कुंडी वर फुकट दिली, काठ फुटलेली, खाली अंगठा जाईल एवढं भोक. सूनबाईनं नाक मुरडलं. "ही ठेवा तिकडे मागे, चारचौघांना दिसायला नको." तिच्यात टोमॅटो लावला. चांगल्या कुंड्या मिरचीला, पालकाला, पुदिन्याला... मोठ्या घरची मुलं ती! आणि हा एक आश्रित.

आणि मग जे लाड सुरू झाले, अहो, मी तापानं फणफणलो होतो तेव्हा मला कुणी एवढं पाणी विचारलं नव्हतं! सकाळी मुलगा पाणी घालायचा, कारण दाढीवाला म्हणाला सकाळी घाला. संध्याकाळी सूनबाई घालायची, कारण तिची मैत्रीण म्हणाली सकाळचं काही खरं नाही, संध्याकाळी घाला. आणि दुपारी ही घालायची, कारण हिचा त्या दोघांवर काडीचा विश्वास नाही. बरं, कुणी कुणाला विचारेल? छे! विचारलं तर पाणी कमी पडेल ना! मी पलीकडे सावलीत, मांडीवर चादर घेऊन बघतोय... कुंड्या तुडुंब, मिरची गळ्यापर्यंत पाण्यात, पालक आंघोळीला बसल्यासारखा. मला झाडातलं काही कळत नाही. पण ओले मोजे घालून कुणी दिवसभर उभं राहिलं तर त्याला बरं वाटत नसणार, एवढं कळतं की नाही? म्हणून एकदाच बोललो, "अरे, फार होत नाही का?" तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आयुष्यभर खुर्च्या विणल्यात. हे शास्त्र आहे."

मी म्हटलं, बरं.

शास्त्राची पानं पिवळी पडली. घरात सुतक आल्यासारखं झालं. मुलगा एक पान हातात धरून फोनसमोर बसला, जसं काही तो दाढीवाला आतून नाडी बघणार आहे. आणि दाढीवाला हसतोच आहे! "मित्रांनो, पानं पिवळी पडतायत? ऊन कमी पडतंय!" झालं. मुलगा माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्ही घरीच असता ना?"

हे वाक्य आलं की मागून काम आलंच. "ऊन सरकेल तशा कुंड्या सरकवायच्या, एवढंच." एवढंच! पाण्यानं भरलेली कुंडी म्हणजे काय वजन असतं! म्हणजे बघा गंमत, ऊन हवं गुडघ्यांना, आणि त्याच गुडघ्यांनी मिरचीला उन्हात फिरवून आणायचं! मी म्हटलं, बरं. तर ही कमरेवर हात ठेवून, "देवानं तुमच्या तोंडात एवढा एकच शब्द घातलाय का हो?" बरं म्हणणार होतो, गिळला.

पण अजून खुर्ची होती हो माझ्याकडे! सावलीत का होईना, होती. आणि मुलाच्या मनात आलं, मागच्या टोमॅटोला भिंतीची सावली पडते, त्याला उंचावर ठेवायला हवं. स्टूल आणलं, डुगडुगलं. खोकं आणलं, चेपलं. मग तो इकडे तिकडे बघायला लागला... आणि त्याची नजर फिरत फिरत माझ्या खाली आली. "बाबा, दोनच दिवस!" मला उठायला वेळ लागतो, तर तो समोर अगदी अदबीनं उभा. मला वाटलं, बापाची कदर! कसली कदर, हातात कुंडी होती, खाली ठेवता येत नव्हती.

झाला टोमॅटो खुर्चीवर विराजमान. आणि ती खुर्ची कुठे ठेवली? माझ्याच कोपऱ्यात! माझ्याच उन्हात! आता वेताचं असं असतं, भिजला की सैल पडतो. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिघांचं पाणी त्या भोकातून खाली, विणीतून गळून फरशीवर, आणि बैठक रोज थोडी थोडी खचतेय. माझी ताठ बैठक! कुंडी खाली खाली जात अशी रुतली, जणू अंड्यांवर कोंबडी बसलीय. मुलानं ओढून पाहिली, हलेना. मी आतून माझी जुनी सुरी आणली. म्हटलं, वीण कापतो, कुंडी काढतो, पुन्हा विणून घेतो... खरं सांगू, आनंदच झाला होता मला. खुर्ची परत मिळणार होती. सुरी लावणार, एवढ्यात सूनबाई किंचाळली, "थांबा! फूल!"

अहो, मिरची गेली, पालक गेला, मारूनही मरत नाही म्हणतात तो पुदिनासुद्धा गेला, त्या देखण्या कुंड्यांत डासांची पिल्लं पोहतायत... आणि हा आश्रित माझ्या खुर्चीत टेकून फुललाय! लगेच सगळे शहाणे झाले. मुलगा म्हणाला, "उंचीमुळे!" सूनबाई म्हणाली, "छे, मी रोज त्याच्याशी बोलते ना!" ही म्हणाली, "माझं दुपारचं पाणी होतं म्हणून जगला." भोकाचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही. माझ्या हातात सुरी तशीच. "बाबा, ती ठेवा आत," मुलगा म्हणाला, "आता धक्का लागला तर फूल गळेल. खुर्ची राहू दे त्याला."

राहू दे त्याला! म्हणजे माझं नावच गेलं की नाही खुर्चीवरून?

आता एक टोमॅटो लागलाय. लिंबाएवढा. त्याचे इतके फोटो काढले, आमच्या लग्नात एवढे निघाले नव्हते. एक फोटो दाढीवाल्याला पाठवला, त्यानं उलट शाबासकीचा अंगठा पाठवला, मुलगा संध्याकाळपर्यंत जमिनीवर नव्हता. आणि काल माझ्याजवळ येऊन बसला, किती दिवसांनी जवळ बसला म्हणता! आवाज कसा मऊ... "बाबा, अशा अजून खुर्च्या विणाल का? बाकीच्या कुंड्यांसाठी. फक्त बैठक जरा सैल ठेवा."

सैल! मला! आयुष्यात कुणी मला सैल विण म्हणालं नाही. ही दारात उभी, माझ्या तोंडाकडे बघतेय. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं... मी म्हटलं, बरं.

तर आज सकाळी वेत भिजवून विणायला बसलो. फरशीवर बसवत नाही आता, म्हणून मिरचीची ती पांढरी कुंडी पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. काय सांगू, उत्तम! भोक नाही, टोचत नाही, डाग पडत नाही. ऊन आलं. गुडघे जरा सैलावले. मी डोळे मिटले... तोच सूनबाई झारी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, थोडं सरका ना. टोमॅटोवर तुमची सावली पडतेय."

मी म्हटलं, बरं. आणि सरकलो, कुंडीसकट. कुंड्या सरकवायची आता सवयच झालीय.