बाईंचा भाव शंभरात आठ

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. आणि आधीच सांगून ठेवतो, आज बुवा रागात आहे! गोड ऐकायला आला असाल तर शेवटी शिरा आहे, तो गोड आहे. तोवर हे सोसा!

एक सांगा मला. मत द्यायचं म्हणजे काय करायचं? कोण जिंकणार ते ओळखायचं, की कोण जिंकावं ते सांगायचं? अं? बोला की! प्रसादाला हात लगेच पुढं येतो, उत्तराला तोंड उघडत नाही!

बरं, ऐका. शशिकांत ढोकणे नावाचे एक मास्तर. संस्थेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. माणूस सरळ, पण भित्रा! संस्थेनं या ढोकण्यांची नेमणूक अडवली होती. तेव्हा त्यांच्यासाठी कोण भांडलं? गोंजारी बाई! त्याच शाळेतल्या, विज्ञानाच्या. शिक्षणाधिकाऱ्याच्या व्हरांड्यात जाऊन बसल्या. 'ऑर्डर निघाल्याशिवाय उठायची नाही!' — आणि नाही उठल्या हो! ऑर्डर घेऊनच आल्या.

पुढं लागली विधान परिषदेची निवडणूक. शिक्षकांची जागा — मतदार सगळे मास्तर न् बाया. मतपत्रिकेवर आपल्या माणसापुढं एकचा आकडा लिहायचा. एका बाजूला गोंजारी बाई. दुसऱ्या बाजूला? संस्थेचे अध्यक्षच, रणधीर शेळमकर! शिक्षकांना पगारासाठी रडवणारा माणूस शिक्षकांचा प्रतिनिधी व्हायला निघाला! हसू नका, हसण्यासारखं नाही ते.

स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकच — बाई! ढोकणे तर छातीवर हात मारून सांगायचे, "माझा एक बाईंपुढंच!"

आणि मग आलं ते ॲप. कोण निवडून येणार यावर लोक पैसे लावणार, आणि त्यावरून भाव ठरणार. ज्याच्यावर पैसा जास्त, त्याचा भाव जास्त, म्हणजे तोच येणार! शेळमकर शंभरात पंचावन्न, बाई चाळीस. अटीतटीची लढत! ढोकणे वर्ग सोडून भाव बघायला लागले. पोरं नकाशात नद्या शोधतायत, मास्तर मोबाईलमध्ये भविष्य शोधतायत!

एका रविवारी जेवून आडवे झाले, मोबाईल उघडला — शेळमकर नव्वद! बाई आठ! ताडकन उठून बसले. काय घडलं होतं? सभा नाही, बातमी नाही, काही नाही! नुसता आकडा हलला — आणि या माणसाचं काळीज हललं!

सोमवारी स्टाफरूम बदललेली. "हरणाऱ्या माणसासाठी अध्यक्षांशी वाकडं कशाला घ्या?" "मत वाया घालवण्यात काय अर्थ?" वाया! अरे, मत म्हणजे काय उतू गेलेलं दूध आहे?

तेवढ्यात बाई आल्या. सगळ्यांनी वह्या तपासायला घेतल्या! बाई थेट ढोकण्यांपुढं उभ्या राहिल्या.

"शशिकांत, संध्याकाळी सभेला येतोयस ना?"

"बाई... वारं फिरलंय हो."

"वारं फिरलंय, की तू?"

ढोकण्यांनी पुढची वही ओढली.

मतदानाचा दिवस. पुठ्ठ्याचा आडोसा, पेन, मतपत्रिका. तिथं शेळमकर होता का? नाही! कोणी बघत होतं? कोणी नाही! तिथं तरी लिहायचं होतं ना बाईंपुढं? हात बाईंच्या नावाशी गेलासुद्धा. पण मनात आलं, उद्या सगळे जिंकलेल्या बाजूला असतील आणि मी एकटाच हरलेल्यांत! आणि मंडळी, शेळमकरच्या नावापुढं एक लिहिला त्यानं! कुणाला भ्याला? आकड्याला! निर्जीव आकड्याला!

बाई पडल्या. थोडक्यात पडल्या हो! भाव म्हणत होता आठ, आणि हाताच्या अंतरावर येऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी शेळमकरचा पुतण्या शाळेत पेढे वाटत आला. दात काढून म्हणतो, "मास्तर, गंमत सांगू? तो नव्वदचा भाव आम्हीच चढवला. काकांवर एकदम पैसा ओतला. चढला! मग तुम्ही मंडळींनी खरा करून दिलात!"

ढोकण्यांच्या तोंडात पेढा होता. गिळवेना, थुंकवेना!

तसेच बाईंच्या दारात गेले. "बाई, मी शेळमकरला दिलं."

बाई दाराच्या चौकटीत उभ्या. म्हणाल्या, "तो तुला लायक वाटला म्हणून दिलं असतंस, तर आत बोलावून चहा पाजला असता. पण तुला तो लायक वाटतच नव्हता, शशिकांत." आणि दार लावून घेतलं.

ढोकणे परत शाळेत आले. भर स्टाफरूममध्ये उभे राहिले. "बाईंना मी पाडलं! बाकी कोणी बोलतंय का?" सगळ्यांनी पुन्हा वह्या उघडल्या! ढोकण्यांची बदली मात्र अध्यक्षांनी लगेच केली, डोंगरापलीकडच्या शाखेत. जाताना बाईंच्या दारावरून गेले. दार बंदच होतं.

चुकचुकू नका! चुकचुकताय कशाला? तुम्ही वेगळे आहात? पोरीला स्थळ बघता, ते चार जण काय म्हणतात त्यावर! सासू सुनेला छळते ते भिंतीतून ऐकू येतं, पण गल्ली गप्प म्हणून तुम्ही गप्प! खरं काय ते तुम्हाला ठाऊक असतं रे! ठाऊक असून बाजू बघता, गर्दी बघता, मग तोंड उघडता! शेळमकर एकटा नाही मोठा होत, तुम्ही त्याला मोठा करता!

आता देवाचं नाव घेऊया. आणि शेजारचा घेतोय का, हे बघून घ्यायचं नाही! ज्यानं त्यानं आपापल्या तोंडानं — बोला!