तीन आळी

(क्राइस्टचर्चजवळची टेकडी. वणवा विझून महिना झालाय. प्रणिता झुडपं मोजतेय. तिचे वडील, आप्पा, वही धरून मागे.)

प्रणिता : आठ जिवंत, तीन गेली. लिहिलंत?

आप्पा : लिहिलं. पण हा बघ, हिरवा फुटवा! जीव आहे गो ह्यात.

प्रणिता : ते गॉर्स, आप्पा. काटेरी तण. वणवा म्हणजे त्याची दिवाळी. आपलं झुडूप एकदा जळलं की परत फुटत नाही. आणि जगात ते फक्त ह्याच डोंगरांवर आहे.

आप्पा : आमच्याकडे तर शेत जाळून भाजावळ केल्याशिवाय नाचणीला जोर येत नाही.

प्रणिता : इथे उलटं. म्हणून तर ते खडकाच्या भेगेत राहतं. भोवती उघडा दगड, जळायला काही नाही. आग वळसा घालून जाते. मग ही तीनच कशी जळली?

आप्पा : वारा असेल.

प्रणिता : चार नंबर गेलं, सहा गेलं, मधलं पाच हिरवंगार. वारा असा निवडून जाळतो?

आप्पा : मग रिपोर्टात काय लिहिणार?

प्रणिता : की खडकातही ते टिकत नाही. सोमवारी द्यायचाय. मग नवी रोपं इथे कोणी लावू देणार नाही. सहा वर्षं घातली मी ह्या टेकडीवर.

आप्पा : तसं लिहू नको.

प्रणिता : का?

आप्पा : वणव्याआधी दर शनिवारी तू वर मोजायला जायचीस. मी खाली बसून माशा मारू? ही तीन फार किडकिडीत वाटली. म्हणून आळी केली. माती भरली, वर गवत पसरलं. सुपारीला घालतो तसं, वीतभर जाड.

प्रणिता : वाळलेलं?

आप्पा : कडकडीत.

प्रणिता : आप्पा!

आप्पा : टवटवीत झाली होती गो. तूच लांबून बघून म्हणालीस, सहा नंबर यंदा काय फुललंय!

प्रणिता : महिनाभर बोलला नाहीत?

आप्पा : मला वाटलं, वणवा तो, सगळंच खातो. आत्ता तू म्हणालीस ना, जळायला काही नाही, तेव्हा ते गवत आठवलं नि घाबरलो. म्हणून वाऱ्यावर ढकललं. रिपोर्टात माझं नाव घाल. लिहायला पन्नाशीत शिकलो, पण सही करतो नीट.

प्रणिता : नाव राहू दे. वहीत लिहा, 'चार, सहा, नऊ : भोवती माणसाने घातलेलं वाळलेलं गवत.'

आप्पा : आणि खडक?

प्रणिता : खडकाचा काही दोष नाही. तेही लिहा.

आप्पा : लिहिलं. नवी रोपं कधी?

प्रणिता : मे महिन्यात. इथली थंडी तेव्हा सुरू होते.

आप्पा : मला आणशील?

प्रणिता : येऊन काय करणार?

आप्पा : काही नाही. हात खिशात घालून उभा राहीन.