पांढरा दोरा

अहो, पण पिवळा असेलच कसा? चौतीस वर्षं शिलाई मशीनवर बसलोय, मला पांढरा-पिवळा कळणार नाही? समोरच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरबाई, त्यांच्या पांढऱ्या कोटाचा खिसा उसवला होता, तो मी शिवून दिला, तर दुसऱ्या दिवशी बाई कोट घेऊन दारात! "मास्तर, हा दोरा कुठल्या रंगाचा?" म्हटलं, "पांढरा." "पिवळा आहे, मास्तर." आता गिऱ्हाइकाशी वाद कोण घालतं... मी घातला! तुम्हाला सांगतो, सुईत दोरा मी आजही पहिल्या फटक्यात ओवतो. तिथल्या तिथे ओवून दाखवला! तर बाई मऊ आवाजात काय विचारतात? "मधुमेह किती वर्षं आहे?" म्हटलं, "अठरा. गोळी घेतो की, आठवण झाली की." "उद्या दवाखान्यात या."

गेलो. तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचली, म्हटलं, चला, सुटलो! कसला सुटतोय... खुर्चीत बसवलं, डोक्याला मागून वायरी चिकटवल्या, आणि समोर पडद्यावर काळे-पांढरे चौकोन, नुसते उलटसुलट, उलटसुलट! म्हटलं, "बाई, मी बघतोय पुढून, तुम्ही माप मागून का घेताय?" "डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत मागच्या बाजूला पोचतं, मास्तर. किती वेळात पोचतं ते बघतेय. हलू नका." हलतोय कशाला, माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखा ताठ बसलो होतो! कागद बाहेर आला. बाई कागदाकडे बघतायत, मी बाईंकडे... नजर गेली तर करू काय मी? मला दुसरं येतं काय हो?

"निरोप उशिरा पोचतोय," बाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या साखरेनं डोळ्याचा पडदा आणि मागची नस, दोन्हींना इजा झालीय. अक्षरं वाचता येतात, पण रंग फसवायला लागतात. निळा-पिवळा आधी."

"पण बाई, सुईत दोरा मी पहिल्या फटक्यात..."

"ओवाल की. कुठला ओवलात, ते कळणार नाही."

विचारलं, "परत येईल ना?" "खात्री नाही. साखर आवरलीत तर उरलंय ते टिकेल." "आणि हे कधीपासून?" "दोन-तीन वर्षं तरी झाली असतील."

तीन वर्षं! आणि एकही गिऱ्हाईक बोंबललं नाही? घरी येऊन बायकोला विचारलं, तर बाईसाहेब बटणं लावत होत्या, मानसुद्धा वर केली नाही. "दुपारी तुमचा डोळा लागला की मी उसवून नीट शिवत होते. कोट गेला त्या दिवशी बहिणीकडे गेले होते."

सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवणारा मी, आणि माझं काम हिनं उसवायचं? ओरडलोच, "अगं, मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं. तीनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, तुला रंगातलं काय कळतं?"

आता असं बोलल्याचं मला काही आठवत नाही हो... पण वाक्य माझंच दिसतंय.